घाण्याचं तेल : कुणाच्या हातचं, कुणाच्या हक्काचं?

(छत्रपती संभाजीनगर इथे बचत गटांच्या आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



तेलावर बोलायचं ठरलं तेव्हा एकीनं मला विचारलं, "काय गं, आपली चळवळ आता फोडणीवर आली का?" प्रश्न चेष्टेतला होता, पण उत्तर देण्यासारखा आहे. १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि लाटणी, थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या बोलण्यात धान्य, साखर, रॉकेल होतं, तसं खाण्याचं तेलही होतं. तेव्हा फोडणी हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही.

आज तो वेगळ्या बाजूनं पुढे आला आहे. सिडकोत जा, गारखेड्यात जा, 'लाकडी घाण्याचं शुद्ध तेल' अशा पाट्या दिसतात. जाहिरात नेहमी बाईला उद्देशून असते. नवऱ्याचं हृदय, सासूचे गुडघे, मुलांची वाढ, सगळं म्हणे तिनं कोणतं तेल निवडलं त्यावर अवलंबून! तेल महाग आहे म्हणून जिला घेता येत नाही, तिच्या मनाला आणखी एक टोचणी. म्हणून मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक, हे तेल म्हणजे नक्की काय आणि कोणतं कशाला वापरावं. दुसरी, बियापासून बाटलीपर्यंतच्या वाटेत बाईच्या वाट्याला काय येतं. पहिली गोष्ट समजल्याशिवाय दुसरीवर भांडता येत नाही.

घाणा, एक्स्पेलर आणि रिफाइंड

बियातून तेल काढायच्या ढोबळमानानं तीन रीती आहेत. घाण्यात लाकडी उखळीत लाट सावकाश फिरते, बी चिरडतं, तेल सुटतं. पूर्वी बैल फिरायचा, आता विजेची मोटार फिरवते. गती कमी असल्यामुळे तेल फार तापत नाही, कोमटसर निघतं. बियाचा वास, रंग, चव त्यात उतरते. एक्स्पेलरमध्ये लोखंडी स्क्रू बी जोरानं दाबतो. तेल जास्त निघतं, पण तापतंही पुष्कळ. तिसरी रीत मोठ्या कारखान्याची. तिथे हेक्झेन नावाच्या द्रावकात बी किंवा पेंड भिजवून शेवटचा थेंबही ओढून घेतात. मग ते तेल धुऊन, रंग काढून, दोनशे अंशांच्या वर तापवून त्याचा वास घालवतात. ते रिफाइंड.

घाण्याच्या पेंडीत दहा-बारा टक्के किंवा अधिकही तेल राहून जातं, एक्स्पेलरच्या पेंडीत सहा-आठ टक्के, द्रावकाच्या रीतीत जेमतेम एक टक्का. घाण्याचं तेल महाग असण्याचं हे एक खरं कारण आहे.

पण घाण्याचं ते सगळं अमृत आणि रिफाइंड ते सगळं विष, असं मी सांगणार नाही. रिफाइंड करताना काही चांगले घटक जातात, तसे काही वाईटही जातात. शेंगदाण्याला बुरशी लागली तर तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं. रिफाइंड करताना ते निघून जातं. घाण्याच्या तेलात ते थोडंफार उतरू शकतं. म्हणून घाण्याच्या तेलाची शुद्धता घाण्याच्या लाकडावर ठरत नाही. काळे, सुरकुतलेले, बुरसटलेले दाणे कुणी किती नीट निवडून काढले, त्यावर ठरते. हे निवडण्याचं काम कोण करतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कोणतं तेल कशाला

आपल्या मराठवाड्याचं तेल म्हणजे करडईचं. ज्वारीच्या भाकरीवर, लसणाच्या तिखटावर कच्चं घेतलेलं करडीचं तेल ही आपल्या भागाची चव. या बियात साधारण तीस टक्के तेल असतं. त्यातला सुमारे पाऊण भाग लिनोलेइक या स्निग्धाम्लाचा असतो. ते शरीराला लागतं आणि शरीर स्वतः तयार करत नाही. पण याच कारणानं हे तेल लवकर खवट होतं आणि घाण्याचं असेल तर लवकर धुरावतं. ते भाजी-आमटीला, चटणीला, वरून घ्यायला वापरावं. पुऱ्या-भज्यांची कढई त्याच्यावर तापवत बसू नये.

शेंगदाण्याचं, म्हणजे गोडं तेल, तापायला जास्त सोसतं. रोजची फोडणी, थालीपीठ, सणावाराचं थोडं तळण याला ते ठीक. तिळाच्या तेलात असे काही घटक असतात की ते लवकर खवट होत नाही. म्हणून लोणच्याला, टिकाऊ चटणीला ते बरं पडतं आणि अंगाला चोळायलाही चालतं. पण ते महाग आहे. रोजच्या स्वयंपाकाला तेच हवं, असा आग्रह धरण्याचं कारण नाही.

जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ जातीचं स्निग्धाम्ल असतं, म्हणून त्याचा गवगवा झाला. पण हे तेल हवेनं आणि उष्णतेनं सगळ्यात लवकर बिघडतं. लाकडाला रोगण म्हणून ते चोळतात ते याच गुणामुळे, कारण ते हवेत सुकून घट्ट होतं. त्याची फोडणी करू नये. खरं तर जवसाची बाटली विकत घेण्यापेक्षा आपली जवसाची चटणी कितीतरी स्वस्त आणि शहाणपणाची. कारळाचंही तसंच. मूठभर कारळ भाजून कुटले, तर तेलाबरोबर बियातली प्रथिनंही पोटात जातात.

आता सरकी. आपला जिल्हा कापसाचा, म्हणून गटातल्या बायका विचारतात की सरकीचं तेल घाण्यावर का काढू नये? काढू नये. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. रिफाइंड केल्यावर तो जातो. कच्चं सरकीचं तेल माणसानं खायचं नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

एरंडेल तर खाद्यतेलच नव्हे. वर्षाच्या तुरीला, गव्हाला कीड लागू नये म्हणून हाताला एरंडेल लावून धान्य चोळायची रीत चांगली आहे. दिव्याला, वंगणाला ते चालतं. पण एरंडीचं बी विषारी असतं. तिची पेंड शेतात खत म्हणून टाकावी, जनावरापुढे कधीही ठेवू नये. तान्ह्या बाळाला एरंडेल पाजणं, त्याच्या नाका-कानात कुठलंही तेल सोडणं, हे बंद करायला हवं. बाळाला न्हाऊ घालताना अंगाला हलक्या हातानं तेल चोळा, पण नाका-कानात एक थेंबही नको.

थोडं घरच्या सवयींबद्दल. घाण्याचं तेल दोन-तीन दिवस निवळू द्यावं, तळाचा गाळ वेगळा काढावा. ओलावा राहिला तर ते लवकर वास मारतं. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब, अंधाऱ्या जागी ठेवावं आणि महिनाभर पुरेल एवढंच आणावं. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. आणि चांगलं तेल म्हणून जास्त तेल, असं करू नये. आहारतज्ज्ञ मोठ्या माणसाला दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅम वरचं तेल पुरे म्हणतात, आणि तेलं आलटून पालटून वापरा म्हणतात. हे माप माणशी आहे, घरातल्या बाईसकट. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाची आमटी आणि कोरडी भाकरी खाणारीचा हिशेब कुठल्या जाहिरातीत नसतो. तो आपण ठेवायचा.

तेल गावातून गेलं कसं

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते. तेल काढण्याचं काम आपल्याकडे तेली समाजाचं. त्या घरातल्या बाया बैलामागे फिरायच्या, बी कांडायच्या, निवडायच्या, तेल मापून विकायच्या. गिरण्या आल्या आणि हा धंदा बसत गेला. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेनं वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. तिथे झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्यात सुधारणा करून 'वर्धा घाणी' तयार केली. बी गावात पिकतं तर तेलही गावातच निघावं आणि पेंड गावातल्या जनावरांना मिळावी, हा विचार त्यामागे होता.

पुढे १९८६ मध्ये केंद्र सरकारनं तेलबियांचं अभियान सुरू केलं. त्यानंतरच्या काही वर्षांत उत्पादन वाढलं, आयात पुष्कळ कमी झाली. पण १९९४ पासून पामतेलाची आणि १९९५ पासून इतर तेलांची आयात खुली होत गेली. आयातकर ६५ टक्क्यांवरून १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आला. आज देश आपल्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. २०२२ च्या दिवाळीत आपल्या राज्यात रेशनवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला. त्यात रवा, साखर, चणाडाळ होती आणि तेल होतं ते पामतेल.

ते पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाच्या मळ्यांतून येतं. तिथे तणनाशकं फवारण्याच्या कामावर मोठ्या संख्येनं बायका असतात. मलेशियातल्या 'तेनागानिता' या संघटनेनं या बायकांच्या आजारांचा अहवाल २००२ मध्ये प्रसिद्ध केला होता. स्वस्त पिशवीची किंमतही कुठेतरी कुणीतरी बाई मोजत असते, एवढं आपण लक्षात ठेवू.

१९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठांहून जास्त माणसं मेली. आपल्या बांधावर काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा धोत्रा उगवतो, तोच हा. सरकारनं सुटं तेल विकण्यावर बंधनं आणली. भेसळ थांबायलाच हवी होती, यात वाद नाही. पण पिशवी, शिक्का, परवाना हे सगळं मोठ्या कारखान्याला सोपं असतं. घाणेवाल्याला आणि डबा घेऊन पावशेर तेल आणणाऱ्या बाईला ते जड गेलं. तेव्हा दिल्लीत काही स्त्री-गटांनी आणि वंदना शिवा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या मुद्द्यावर 'सरसों सत्याग्रह' केला होता.

आणि आपल्या शेतात काय झालं? खरिपात सोयाबीन, त्यामागून रब्बीत हरभरा अशी घडी बसली. तीळ, कारळ, भुईमूग मागे पडले आणि करडईला जागाच उरली नाही. सोयाबीनला रोख पैसा मिळाला, त्याला मी नावं ठेवत नाही. पण एक फरक नीट बघा. सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्केच असतं. ते घाण्यावर परवडत नाही, त्याला द्रावकाचा कारखानाच लागतो. म्हणजे ज्या दिवशी आपण करडई सोडून सोयाबीन धरलं, त्या दिवशी तेल गावातून उठून गेलं. बी आपण विकतो आणि त्याचीच पिशवी किराण्यातून विकत आणतो. पूर्वी करडईच्या घरात कोवळ्या पानांची भाजी होती, बियाचं तेल होतं, गोठ्यात पेंड होती. या तीनही गोष्टी पैसे न मोजता बाईच्या हाताशी होत्या. आता तिन्हींसाठी नवऱ्याकडे पैसे मागावे लागतात. तेलाच्या गोष्टीतला हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

काटे कुणाच्या हाताला?

करडईचं गुणगान करताना तिचे काटेही सांगायला हवेत. हे पीक कोरडवाहू. मूळ खोल जातं, परतीच्या पावसाच्या ओलीवर येतं. काट्यांमुळे गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून ज्वारीच्या कडेनं तिच्या ओळी टाकायची रीत होती. पण काढणीला हेच काटे हातात शिरतात. म्हणून पहाटे दव असताना, काटे मऊ असताना, हाताला फडकी गुंडाळून बायका करडई काढत. मजूर मिळत नाही म्हणून करडई गेली, असं म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की त्या मजुरीत ते काटे सोसायला बायका तयार राहिल्या नाहीत. त्यांचं काय चुकलं? आता कापणी-मळणीचं यंत्र करडईला चालतं, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम'सारखे वाणही दिले आहेत. करडई परत आणायची असेल तर यंत्रासकट आणि हातमोज्यांसकट आणू या. 'आपली परंपरा' म्हणून बाईच्या हातात पुन्हा काटे नकोत.

तीच गोष्ट शेंगा फोडण्याची आणि दाणे निवडण्याची. हे काम किलोमागे ठरलेल्या अल्प मजुरीवर, बहुधा घरी बसून होतं. चार पोरं आणि म्हातारी सासू मदतीला बसतात, त्यांचा हिशेब नसतो. बाटलीवर 'हाताने निवडलेले दाणे' असं छापून त्याचे जादा पैसे घेतले जातात. ते हात कुणाचे आणि त्यांना काय मिळालं, हे मात्र छापत नाहीत.

हिशेब आपला आपण मांडू

गटानं घाणा टाकावा का, असं पुष्कळ जणी विचारतात. त्याआधी कागद-पेन घ्या. शंभर किलो शेंगदाण्यातून घाण्यावर साधारण चाळीस किलो तेल आणि पंचावन्न किलो पेंड निघते. चाळीस किलो म्हणजे चव्वेचाळीस लिटर, कारण लिटरभर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम असतं. किलोचा भाव आणि लिटरचा भाव यांत फसू नका. करडईतून शंभर किलोला पंचवीस किलोच्या आसपास तेल मिळतं. बी कसं आहे त्यावर हे कमीजास्त होतं.

समजायला सोपं जावं म्हणून काल्पनिक भाव धरते. दाणे शंभर रुपये किलो, म्हणजे शंभर किलोचे दहा हजार. गाळपाचे किलोला दहा रुपये, म्हणजे हजार. दोन बायकांची एक दिवसाची निवडण्याची मजुरी चारशे प्रमाणे आठशे. पेंड तीस रुपयांनी विकली तर साडेसोळाशे परत आले. उरला खर्च दहा हजार दीडशे. चव्वेचाळीस लिटरला भागा : लिटरला सुमारे दोनशे एकतीस रुपये, बाटली आणि वाहतूक वेगळी. दाण्याचा भाव असा असताना कुणी दीडशे रुपयांत 'घाण्याचं शेंगदाणा तेल' देत असेल, तर त्यात काय मिसळलं आहे ते विचारा. आणि आपल्याच गटाचा हिशेब या भावात फायद्याचा दिसत असेल, तर निवडणाऱ्या बायकांची मजुरी धरायची राहिली आहे का, ते आधी बघा. बचत गटांचे बरेचसे उद्योग 'नफ्यात' असतात ते बायका स्वतःची मजुरी मोजत नाहीत म्हणून.

शहरातल्या दुकानांशी बाटल्यांच्या शर्यतीत उतरण्याऐवजी गावात दुसऱ्याचं बी गाळून देण्याचं काम गटाला जास्त झेपेल, असं मला वाटतं. पिठाच्या गिरणीसारखं. ज्याचं बी त्याचं तेल, किलोमागे गाळपाचे पैसे आणि ठरलं असेल तर पेंड गटाकडे. भांडवल कमी अडकतं आणि तेल गावातच राहतं. चार माणसांच्या घराला माणशी पंचवीस ग्रॅमनं महिन्याला तीन किलो तेल लागतं. ते सगळं करडईचं म्हटलं तर वर्षाला दीड क्विंटल बी. कोरडवाहूत एकरी तीन क्विंटल आलं तरी अर्ध्या एकरात घरचं तेल निघतं.

यंत्राला कर्ज आणि अनुदान मिळण्याचे रस्ते आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ आहे, 'उमेद' अभियान आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटांसाठीही तरतूद ठेवली होती. अर्ज करण्याआधी त्या वेळचे नियम विचारून घ्या. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी टाळू नका. पण अनुदान बाईच्या नावावर आणि किल्ली, गल्ला, बँकेचं पुस्तक तिच्या मालकाच्या खिशात, असं होणार असेल तर घाण्याच्या बैलाची जागा आपण घेतली एवढंच होईल.

म्हणून चार गोष्टी आपापल्या गटात ठरवून घ्या. घाण्याचं बिल, वीजजोडणी आणि खातं बायकांच्या नावावर असावं आणि सह्या त्यांनीच कराव्यात. निवडण्या-पाखडण्याची मजुरी आधी ठरवून वहीत लिहावी. मोटारीच्या पट्ट्याला जाळी हवी. पदर खोचून, केस बांधून काम करायचं, कारण फिरत्या यंत्रात पदर अडकायला क्षणही लागत नाही. आणि यंदाच्या रब्बीत निदान अर्धा एकर करडईला द्यायचा, असं घरात बोलून घ्यायचं. हे चौथं सगळ्यात अवघड आहे, कारण शेतात काय पेरायचं हे ज्याच्या नावावर सातबारा तो ठरवतो. मुलींना वडिलांच्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केली आणि २००५ मध्ये ती देशभर झाली, तरी आपल्यातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? हात वर करायला सांगितलं तर इथे किती हात वर येतील, ते आपल्याला माहीत आहे.

तेव्हा तेलाचा विषय पुढच्या बैठकीत घ्याल तेव्हा पाककृतीपाशी थांबू नका. प्रत्येकीनं तीन गोष्टी लिहून आणा : घरात महिन्याला किती तेल लागतं, ते कुठून येतं, आणि घरच्या शेतात तेलबिया पेरण्याचा निर्णय कोण घेतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच सापडतील. तिसऱ्यावर घरात वाद होईल. तो होऊ द्या, आणि काय झालं ते बैठकीत येऊन सांगा.